आधी तां, मगे ह्यां

तांबळडेगच्या सोसायटीत संगणक तीन,
तिघांची तीन दैवतं.
टेबलावरचा विंडोज, तो मुख्य.
शाळेनं टाकून दिलेला लॅपटॉप, त्यावर मी लिनक्स चढवलंय.
आणि सनयेंच्या जावयाचा मॅक, गणपतीपर्यंत उसना.

काम एवढंसंच, भरती-ओहोटी सांगणारी
एक लायब्ररी बसवायची.
लायब्ररी म्हटल्यावर जिवबाकाका कोळंबकर म्हणाले,
"कपाट खंय ठेवचां?"

लायब्ररीला हवी दुसरी, जी आकड्यांचं बघते.
दुसरीला तिसरी. तिसरी म्हणाली, आधी कंपायलर आण,
सहा जीबी.
इमारतीमागच्या सुरूच्या फांदीवर तेवढी रेंज येते,
म्हणून फोन पिशवीत घालून तिथं टांगला
आणि आत बसून टक्के बघत राहिले.
एकसष्ट. एकसष्ट.
एकसष्ट.
"झाला काय गो?"
"एकच राह्यलंय, काका."
"मगाशीय एकच होता."

लिनक्स सगळं बोलून दाखवतं,
कोण आलं नाही, कुणामुळे अडलं, कितव्या ओळीत,
नळावरच्या भांडणासारखं, पानभर.
मॅक सभ्य. हे कुणी बनवलं आम्हांस ठाऊक नाही,
सबब उघडणार नाही.
विंडोजनं एक गोल फिरवत ठेवला,
मग गोलही दिसेना.

त्यात वाद निघाला. भरतीवालीला आकड्यांची जुनी आवृत्ती हवी,
वाऱ्याचा अंदाज काढणारीला नवी,
दोघी एका घरात नांदेनात.
मी वेगळ्या चुली मांडून दिल्या,
एका फोल्डरात ही, दुसऱ्यात ती,
मीठसुद्धा आपापलं.
काकांना हे लगेच कळलं. त्यांना भाऊ चार.

सगळ्यांच्या तळाशी एक फाईल निघाली,
जेमतेम दीडशे ओळींची. वरचं सगळं तिच्यावर उभं.
लिहिणाऱ्याचं नाव नुसत्या आद्याक्षरांत,
शेवटचा हात लागून नऊ वर्षं झालेली.
खाली त्यानं एवढंच टिपलं होतं:
माझ्या बंदरात हे बरोबर येतं.
तुमच्या येतं का, बघा.

रात्री दहाला तिन्ही पडदे मुकाट झाले,
म्हणजे काम झालं.
विंडोजवरून तक्ता छापला, फळ्यावर डकवला,
घरी जाऊन गार पेज जेवले.

सकाळी काका फळ्यापुढे उभे.
कागद म्हणत होता, सहा दहा, पूर्ण भरती.
बाहेर पाणी पार खाली,
होड्या वाळूत पोटावर,
खडकापाशी सनयेंची सून कालवं फोडत बसलेली.
काकांनी कागद बघितला. दर्या बघितला.
परत कागद.
"ह्यो खंयचो दर्या?"

पुन्हा सगळं उघडलं.
लिनक्सकडे, मॅककडे
जगभरच्या घड्याळांची यादी घरचीच असते.
विंडोजकडे ती नसते, वेगळी आणून द्यावी लागते.
ती मिळेना म्हटल्यावर लायब्ररीनं
कुणाला न विचारता ग्रिनिचची वेळ धरली.
साडेपाच तासांनी चुकलेला समुद्र
मी स्वतःच्या हातानं टाचणीला लावला होता.
कंपायलर आणला, आकडे आणले, भांडणं मिटवली,
वेळ तेवढी बसवायची राहिली.

एक ओळ. साडेतीनशे केबी. फोन झाडावर न्यावाही लागला नाही.
अकरा चाळीस.

मग ठरावांच्या वहीत, मागच्या पानापासून,
कुठल्या यंत्रावर काय आधी, ते लिहायला घेतलं.
मी उद्या कणकवलीला गेले तर
पुढच्याला सुरूचं झाड तरी सापडावं.
काका मान लांब करून बघत होते.
"वरती लिव, आधी तां, मगे ह्यां.
तहसीलदाराच्या हापिसात लिवलेला नसता, म्हणान फेरे."

अकरा चाळीसला ते धक्क्याच्या पायरीवर जाऊन बसले.
घड्याळ नाही. चपला बाजूला.
परत आले तेव्हा लेंगा गुडघ्यापर्यंत ओला.
"धा मिन्टां उशिरान वळला पाणी.
त्या माणसाक कळव. आमच्या हय धा मिन्टां उशीर."
"कुठल्या माणसाला?"
"ज्येना इचारल्यान."

आद्याक्षरं दोन आहेत. पत्ता जुना.
मी पत्र लिहायला बसले आहे,
आणि सुरुवात कुठून करायची ते ठरत नाहीये.